प्रमाण माणसाची उशी

एखादी बैठक बरी आहे की नाही, हे मला तिच्यावर बसायच्या आधीच कळतं. यात बढाई नाही. माझा पोटापाण्याचा धंदाच तो आहे. आमच्या कारखान्यात बसगाड्यांची आसनं तयार होतात, आणि नवं आसन दाराबाहेर पडण्याआधी मला त्यावर बसून दाखवावं लागतं. मापं घेणारी यंत्रं आहेत, वजनाचे पुतळे आहेत, पण शेवटचा शब्द माझा. याचं श्रेय माझ्या बुद्धीला नसून माझ्या अंगाला आहे, हे मी प्रांजळपणे सांगतो. उंची, रुंदी, पाठीचा बाक, पोटाचा घेर, सगळ्या बाबतींत मी बरोब्बर मधला निघालो. नोकरीला लागलो तेव्हा मापं घेणाऱ्या बाईंनी माझ्याभोवती फीत गुंडाळली, भिंतीवरचा तक्ता पाहिला, पुन्हा गुंडाळली आणि साहेबांना हाक मारली. साहेबांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. त्या दिवसापासून कारखान्यात माझं नाव ‘प्रमाण माणूस’ पडलं. "प्रमाण माणसाला सोसलं ते जगाला सोसलं," असं आमचे फोरमन म्हणतात, आणि आजवर जगाकडून तक्रार आलेली नाही.

मधलं असण्यात कसला आलाय अभिमान, असं काही लोक म्हणतात. म्हणोत. उंच माणसं पंख्याला भितात, जाड माणसं खुर्चीला भितात. मी कशालाच भीत नाही.

तर अशा माणसाच्या घरात मूल जन्माला आलं आणि त्या घरात नेमकं त्यालाच काही काम उरलं नाही, हे कुणाला खरं वाटणार नाही. बायको बाळाला पाजत होती. सासूबाई बायकोला भरवत होत्या. बाळालाही काम होतं: पिणं आणि रडणं, आणि दोन्ही ते मन लावून करत होतं. मुलगी झाली होती. नावावर दोन्ही घरांचं एकमत होत नसल्यामुळे तिला तात्पुरतं ‘बाईसाहेब’ म्हणत होते, आणि ते तिला शोभतही होतं. बाईसाहेबांची प्यायची वेळ झाली की सासूबाई आतल्या खोलीचा पडदा ओढून घेत आणि म्हणत, "जावईबापू, तुम्ही जरा बाहेर थांबा. तुमचं काय काम आहे इथे?"

विचारल्यासारखं विचारत, पण उत्तराला थांबत नसत. मी बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्च्या नीट लावत असे. नीट लावलेल्या खुर्च्या पुन्हा नीट लावणं हे किती अवघड असतं, ते ज्याला घरात काम नाही त्यालाच कळेल. ही गोष्ट माझ्या मनाला लागली होती. दिवसभर ज्याच्या बसण्यावर एक अख्खा कारखाना चालतो, त्याला घरी उभं राहायला जागा नसावी, याचं वाईट वाटत होतं.

एका सकाळी पडदा सरला आणि बायको मान वाकडी करून बाहेर आली. ती गणिताची प्राध्यापक आहे. पोरांचे पेपर तपासतानाही जिच्या डोळ्यांत पाणी येत नाही, तिचे डोळे भरलेले दिसले.

"खांदा गेला माझा," ती म्हणाली. "दोन उशा घेते, तर एक इकडे पळते, एक तिकडे. बाईसाहेब मधल्या दरीत. मग सगळं वजन हातावर. पिऊन होईस्तोवर हात माझा राहत नाही. कशीबशी ती झोपते, आणि खाली ठेवलं की टक्क जागी. खांदा नाही, झोप नाही. अशानं माझ्याच्यानं पाजणं व्हायचं नाही रे. एक धड उशी बघ ना कुठेतरी."

मी ताठ झालो. उशी म्हणजे फोम. फोम म्हणजे मी. शेवटी या घराला माझ्या दारात यावंच लागलं, असं मनात म्हणालो आणि मोठ्यानं फक्त एवढंच म्हणालो, "झालंच म्हणून समज."

आता आमच्या इमारतीत एक पद्धत आहे. कुणी काही विकत घेणार असं कळलं, की घेणाऱ्यापेक्षा न घेणारेच जास्त कामाला लागतात. मी जिन्यात एकदाच ‘पाजायची उशी’ हे शब्द उच्चारले आणि संध्याकाळी समोरच्या वहिनी दारात हजर झाल्या. त्यांना तीन मुलं. त्यामुळे मुलांबाबतचं त्यांचं मत अपील न होणारं.

"भाऊजी, उशी दगडासारखी हवी," त्या म्हणाल्या. "मऊ घेतलीत तर पोर बुडेल आत."

त्यांच्या मागोमाग इमारतीचे सेक्रेटरी आले. हे गृहस्थ निवृत्त आहेत, पण कशातून ते कुणालाच माहीत नाही. निवृत्ती हाच त्यांचा पेशा. ते म्हणाले, "चूक. साफ चूक. मऊच हवी. मला कमरेचा पट्टा दिला होता डॉक्टरांनी, कडक होता. काय उपयोग झाला? काही नाही."

"अहो, तुम्ही कमरेला बांधला होता. तुम्ही कुणाला पाजत होतात?" वहिनी म्हणाल्या.

"तत्त्व एकच असतं," सेक्रेटरी म्हणाले.

यावर दोघांची अशी जुंपली की मी मध्ये पाणी आणून दिलं. सासूबाई कोपऱ्यात लंगोट घडी करत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आमच्या वेळी मांडी होती."

यावर सभा बरखास्त झाली. मी मात्र ठरवलं होतं. सल्ला ऐकावा सगळ्यांचा, बसावं आपलं आपण.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना वाटेवरच्या मोठ्या दुकानात शिरलो. लहान मुलांच्या सामानाचं दुकान. त्या दुकानात वडील लोक कसे असतात ते पाहण्यासारखं आहे. बायकोच्या मागून पिशव्या धरून चालतात आणि कशालाही ‘छान आहे’ म्हणतात. मी एकटा गेलो होतो आणि काय हवं ते मला ठाऊक होतं. काउंटरवरच्या बाईंनी एक अर्धगोल छोटी उशी समोर ठेवली. "ही फीडिंग पिलो. सगळ्यात जास्त जाते."

"बसून बघतो," मी म्हणालो.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "कोण? तुम्ही?"

"अर्थात. बघितल्याशिवाय घ्यायची कशी?"

दुकानात बसायला एकच खुर्ची होती आणि ती नेमकी काचेच्या शोकेसमध्ये, एका मोठ्या कापडी अस्वलाशेजारी. मी आत चढलो, खुर्चीत बसलो, उशी पोटाभोवती लावली. लागेना. दोन्ही टोकं बरगड्यांशीच थांबली. इथेच ती बाद झाली. प्रमाण माणसाला जी पुरत नाही ती उशी बाजारात आलीच कशी, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजवर कुणी तक्रार केली नाही." हे आमच्याच कारखान्यातलं वाक्य होतं, त्यामुळे मला जरा राग आला.

मग एकेक करत वरच्या फळीवरची सगळ्यात मोठी उशी निघाली. घोड्याच्या नालेसारखी, जाड, भरघोस. ती पोटाभोवती अशी बसली की मला क्षणभर कारखान्यात असल्यासारखं वाटलं. पण नुसतं बसून भागत नाही. आसन नेहमी वजनासकट तपासायचं असतं, हा पहिला धडा. बाईसाहेब जवळ नव्हत्या. पण पिशवीत घरच्या सामानात पिठाचं मोठं पाकीट होतं, आणि वजनाला ते जवळपास बाईसाहेबांइतकंच भरत होतं. मी ते दोन्ही हातांत आडवं धरलं, डोक्याची बाजू जरा वर, आणि उशीवर ठेवून हलकेच झुलवलं. कोपर टेकलं. खांदा सैल पडला. पाठ सरळ. मी डोळे मिटून घेतले. चाचणी नेहमी डोळे मिटूनच घ्यायची असते.

डोळे उघडले तेव्हा काचेबाहेर बरीच माणसं उभी होती. पुढच्या रांगेत आमच्या समोरच्या वहिनी. त्यांच्या चेहऱ्यावर जी दया होती, ती मी आजवर फक्त हॉस्पिटलच्या दारात पाहिली आहे. मी पाकीट उंच करून त्यांना समजावायचा प्रयत्न केला, पण काचेतून आवाज जात नाही. पाकिटाचा कोपरा फुटलेला आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

उशी झटकून घेतली आणि बाहेर पडलो. स्कूटरवर ती मावेना. पुढे ठेवावी तर हँडल वळेना, मागे बांधावी तर दोरी नाही. शेवटी ती कमरेत घातली. ज्याच्यासाठी केलेली आहे तिथेच वस्तू ठेवली तर ती नीट राहते, हे सिग्नलला थांबलेल्या लोकांना मी सांगणार तरी किती वेळा?

इमारतीच्या दारात सेक्रेटरी उभे होते.

"हे काय घेऊन निघालात?"

"पाजायची उशी."

त्यांनी चष्मा वर केला. "लिफ्टमधून नेणार?"

"पायी कशाला नेऊ?"

"थांबा. फर्निचर लिफ्टमधून नेता येत नाही. आधी समितीची परवानगी लागते. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्यांनी कपाट नेलं, दार वाकलं."

"अहो, ही उशी आहे."

"हात टेकायला जागा आहे का हिला?"

मी खरं बोलणारा माणूस आहे. "आहे," म्हणालो. "उत्तम आहे."

"पाठ टेकायला?"

"मागून पट्टा आहे."

"मग फर्निचर," सेक्रेटरी म्हणाले आणि लिफ्टच्या दारात आडवे झाले.

असल्या प्रसंगी डोकं शांत ठेवावं लागतं. मी म्हणालो, "मी ही हातात घेतलेली नाही. अंगावर घातलेली आहे. माणसाच्या अंगावर आहे ते कपड्यांत मोडतं. तुमच्या नियमात कपड्यांना बंदी आहे का?"

ते विचारात पडले. त्यांचा विचार पूर्ण व्हायच्या आत मी लिफ्टमध्ये शिरलो. म्हणजे मी शिरलो, उशीचं डावं टोक बाहेर राहिलं. दार मिटायचं, टोकाला लागून उघडायचं. प्रत्येक वेळी दार उघडलं की समोर सेक्रेटरी. "हा विषय मी समितीपुढे ठेवणार आहे," ते म्हणाले. दार मिटलं, उघडलं. "कपडे की फर्निचर, याचा निर्णय व्हायला पाहिजे." दार मिटलं, उघडलं. शेवटी त्यांनीच कंटाळून पायानं टोक आत ढकललं. माणूस वाईट नाही.

घरी आल्यावर बायकोनं उशीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. थकल्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं, आणि त्या हसण्यासाठी मी आणखी एक उशी कमरेत घालून आलो असतो. "एवढी?" ती म्हणाली.

"चाचणी घेतलेली आहे," मी सांगितलं.

पडदा ओढला गेला. मी बाहेर खुर्च्यांपाशी उभा. आतून आधी कुजबूज, मग धपधप, मग बाईसाहेबांचा निषेध. जरा वेळानं बायकोचा आवाज आला, "अगं आई, ही माझ्याभोवती दोनदा फिरते! आणि ही बघ कुठे आली. माझ्या हनुवटीशी बोलतेय!"

"नाकापेक्षा मोती जड," सासूबाई म्हणाल्या.

पडद्याबाहेरच्या माणसाला ऐकू जातं, हे आतल्या माणसांच्या कधीच लक्षात येत नाही. मला राग आला नाही. मला आश्चर्य वाटलं. ज्या उशीत मी इतका सुखानं बसलो, तिच्यात कुणी दुःखी कसं होऊ शकतं? चूक उशीत असू शकत नाही, हे उघड होतं. कमी असलंच तर थोड्या बदलाचं काम होतं.

तरी एकदा बदलून बघावी म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी उशी उलटीपालटी केली, वास घेतला, बोटानं पुसून पाहिलं. बोट पांढरं झालं.

"वापरलेली आहे. वापरलेली परत घेत नाही. हे बघा, दुधाची पावडर सांडलीय."

"ते पीठ आहे."

"पीठ?"

"पिठाचं पाकीट ठेवून बघितलं होतं ना मी. तुमच्याच शोकेसमध्ये."

त्यांनी मला नीट पाहिलं आणि ओळख पटली. त्यांनी आतल्या मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर सभ्य माणूस होता. त्यानं विचारलं, "म्हणजे बाळानं वापरली नाही?"

"बाळाला जमलीच नाही."

"आणि पिठानं वापरली."

"वापरली असं नाही. ठेवलं होतं."

"आमच्या नियमात बाळाचं लिहिलंय. पिठाचं काही नाही," मॅनेजर विचार करत म्हणाला. "पण ज्याचं लिहिलेलं नाही ते मी कसं घेऊ?"

उशी कमरेत घालून मी परत निघालो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण गिऱ्हाईक हरलं की कारखान्यातला माणूस उभा राहतो. मी स्कूटर सरळ आमच्या कारखान्याकडे वळवली.

चाचणीच्या शेडमध्ये उशी टेबलावर ठेवली तेव्हा सगळे भोवती जमले. इतकी वर्षं नुसती बसची आसनं करून माणसं कंटाळलेली असतात. फोरमननी उशी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. "फोम कच्चा आहे, साहेब," ते दुःखानं म्हणाले. "असला फोम आपण आपल्या दुश्मनाच्या बसलासुद्धा लावणार नाही. खरी अडचण काय आहे?"

"घेर मोठा आहे म्हणतात. आणि उंची जास्त."

"कितीनं?"

आता बायकोचं माप मी घेतलेलं नव्हतं. पडद्याबाहेरून माप घेता येत नाही. फोरमन म्हणाले, "त्यात काय एवढं? प्रमाण माणूस समोर असताना माप कशाला? बसा तुम्ही."

मी बसलो. त्यांनी आतला फोम काढून आपला घातला. मी बसलो. कडा तासल्या. मी बसलो. मागे पट्टा होता तिथे खऱ्या आसनाचं बकल लावलं, कारण फोरमनच्या मते "पोर म्हणजे प्रवासीच की". मग कुणीतरी म्हणालं की बाळ ओलं करणार, म्हणून वरून लाल रेक्झिन चढवलं. तेच रेक्झिन, जे आम्ही लांब पल्ल्याच्या गाड्यांना लावतो. आग लागली तरी जळत नाही. अखेरीस मी सबंध उशी लावून बसलो आणि वजनाचा छोटा पुतळा मांडीवर घेतला. मी डोळे मिटले. काय सांगू! इतकं उत्तम काम आमच्या शेडमधून कधी बाहेर पडलं नव्हतं. "पास," मी म्हणालो. फोरमननी खालच्या बाजूला तपासणीचा शिक्का मारला. त्यांचे डोळे ओलावले होते.

एवढं सगळं झालं, पण उशी लहान झाली का, हे पाहायचं राहून गेलं. जी उशी प्रत्येक वेळी माझ्यावर बसवून बघितली, ती माझ्याच मापाची होत गेली. ही गोष्ट मला तेव्हा कळली नाही. त्या शेडमधल्या एकालाही कळली नाही, आणि आम्ही सगळे बसण्यातले तज्ज्ञ.

दारातच वहिनी भेटल्या. त्यांनी लाल उशीला हात लावला, बकल वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, खांदा कुणाचा दुखतोय?"

"हिचा."

"मग हे सगळं तुमच्या अंगावर का होतंय? दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला!"

मी मान डोलावली. म्हण चांगली होती, पण घाईत मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

पडदा ओढला गेला. आतून रेक्झिनचा चर्रर्र असा आवाज आला. बायकोनं जरा हात हलवला की चर्रर्र. बाईसाहेब दचकल्या, तोंड सोडलं आणि अशा काही ओरडल्या की खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावली. मग बकल लागलं. लागलं ते निघेना. बसच्या आसनाचं बकल धक्क्यानं निघू नये अशीच त्याची रचना असते, ती मी स्वतः मंजूर केलेली आहे. मी बाहेरून सूचना देऊ लागलो. "लाल बटण दाब! आतल्या बाजूला ढकल आणि मग दाब!"

सुटकेचा आवाज आला. आणि मग मला बायकोचं रडणं ऐकू आलं. मोठ्यानं नाही. थकलेलं माणूस रडतं तसं.

मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. माझ्यासारख्या माणसाला त्या क्षणी जे वाटलं ते कुणाला वाटू नये. एवढी धावपळ केली, शोकेसमध्ये बसलो, लिफ्टमध्ये अडकलो, आणि जिच्यासाठी केलं ती पडद्याआड रडत होती. मला अतिशय वाईट वाटलं.

"आई, पडदा उघड," बायको आतून म्हणाली. "आणि त्याला आत येऊ दे."

"अगं पण..."

"नवरा आहे तो माझा. बाहेर उभा राहून काय कळणार त्याला?"

सासूबाईंनी पडदा सरकवला. मी आत गेलो. जन्म झाल्यापासून माझ्या मुलीला दूध पिताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आणि मी ज्या खुर्चीत बसून सगळ्या चाचण्या घेतल्या, तसली खुर्ची त्या खोलीत नव्हतीच. बायको पलंगाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. एक पाय दुमडलेला, दुसरा खाली सोडलेला, अंग डावीकडे कललेलं. बाईसाहेब एका बाजूला, एक मूठ आईच्या गळ्याशी घट्ट. आणि कोपराखाली फक्त हवा. वीतभर जागा. तेवढीच काय ती रिकामी होती, आणि सगळा खांदा तिच्यावर लटकत होता.

"बघितलंस?" बायको नाक पुसत म्हणाली. "मला एकदा तरी विचारलंस, कशी बसतेस म्हणून?"

"तू बसण्यातली नाहीस ना," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. आयुष्यभर जे खरं मानलं ते अडचणीच्या वेळी बाहेर येतंच.

ती हसायला लागली. रडता रडता हसली, आणि तिच्या हसण्यानं हलून बाईसाहेबांनी तोंड सोडलं आणि माझ्याकडे रागानं पाहिलं. मी गुडघ्यावर बसून त्या कोपराखाली माझा हात ठेवला. खांदा सैल पडला. मला तो दिसला, सैल पडताना. "हं," बायको म्हणाली. "एवढंच. एवढंच हवं होतं." पिणं संपेस्तोवर मी हात काढला नाही. सासूबाईंनी पडदा ओढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाई मला पाहून शोकेसच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ती पहिली छोटी उशी द्या," मी म्हणालो. "अर्धगोल. सगळ्यात जास्त जाते ती."

"बसून बघणार?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"छे! मी कशाला बसू? मी कुठे पाजतोय?" मी म्हणालो. अहो, तज्ज्ञाला आपलं क्षेत्र कळावं लागतं.

छोटी उशी कोपराखाली अगदी बरोब्बर आली. बायकोची मान दोन-चार दिवसांत सरळ झाली. वहिनींनी येऊन उशी दाबून पाहिली आणि ‘मी म्हटलं होतं तशीच कडक आहे’ असं सांगितलं. सेक्रेटरींनी जिन्यात विचारलं तेव्हा मी मऊ आहे म्हणालो. दोघांचंही समाधान झालं. एक गोष्ट मात्र उरली होती. खांदा सुटला, पण झोपेचा प्रश्न सुटत नव्हता. बाईसाहेब पोटभर पिऊन आईच्या अंगावर गाढ झोपत, आणि गादीवर ठेवलं की पाठ टेकायच्या आत डोळे उघडत. बायको बसल्या बसल्या पेंगत असे. सासूबाई घेऊन फिरल्या, त्यांचे गुडघे दुखायला लागले.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी कपाटावर टाकलेली मोठी उशी खाली काढली. रेक्झिन गेलं होतं. सासूबाईंनी केव्हातरी ते उसवून जुन्या मऊ चादरीचा अभ्रा घातला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो, उशी पोटाभोवती लावली आणि हात पुढे केले. "आण इकडे."

"उठेल रे ती."

"आण तर. ही उशी पास झालेली आहे."

बायकोनं बाईसाहेबांना माझ्या पुढ्यात ठेवलं. डोक्याची बाजू जरा वर. माझी कोपरं टेकली, खांदा सैल पडला, पाठ सरळ. बाईसाहेबांनी एक डोळा उघडला, माझ्या शर्टचं बटण मुठीत धरलं, आणि तो डोळा मिटून घेतला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. म्हणजे त्या दोघी उभ्या, मी बसलेला. ती झोपली होती. माझ्या घेराच्या उशीवर, माझ्या पोटाला टेकून. बायको पलंगावर आडवी झाली. "पाच मिनिटं पडते," म्हणाली, आणि ते वाक्य संपायच्या आत घोरायला लागली. मी तिला इतक्या आठवड्यांनी झोपलेली पाहत होतो. घरभर शांतता. माझ्या पायाला मुंग्या आल्या, नाकावर खाज सुटली. पण मी बसण्यातला माणूस आहे. मी हललो नाही. इतका आनंद मला आजवर कुठल्याही आसनावर झाला नव्हता.

इतक्यात बेल वाजली. सासूबाईंनी धावत जाऊन दार अर्धवट उघडलं. सेक्रेटरींचा आवाज आला, खणखणीत. "समितीचा निर्णय घेऊन आलोय. त्या उशीबद्दल. जावई आहेत का?"

बाईसाहेबांच्या पापण्या हलल्या. मी मान हलवून नाही नाही म्हणत होतो, पण माझ्याकडे पाहणार कोण?

"हळू बोला," सासूबाई कुजबुजल्या. "नंतर या. जावई कामावर आहेत."

आणि त्यांनी दार लोटून घेतलं.